मटकीच्या कपाटातलं जॅकेट

शैलेंद्र निमकरने आयुष्यात पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू एकच, लग्नातला सूट, आणि तो त्याला अजूनही टोचतो. बाकी सगळं त्याने जुन्यातून हुडकून, घासाघीस करून, कोणी देश सोडून निघालं की त्याला गाठून मिळवलेलं. आयर्लंडमधल्या किलकेनी गावातल्या त्याच्या भाड्याच्या घरातला सोफा एका पाद्र्याचा होता, जेवणाचं टेबल एका मोडलेल्या संसाराचं, आणि भिंतीवरचं घड्याळ एका बंद पडलेल्या शाळेचं. ते भर दुपारी मधली सुट्टी झाल्यासारखं ठणाणा करी. पाहुणा आला की शैलेंद्र त्याला घरभर फिरवून प्रत्येक वस्तूची कुळकथा ऐकवी आणि शेवटी विचारी, "केवढ्याला पडलं असेल, सांग?" पाहुणे अनुभवी असत. ते मुद्दाम भरमसाट आकडा सांगत आणि जेवायला बसत.

त्याची नोकरी डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या एका कंपनीत. आठवड्यातून दोनदा तिकडे जायचं, एरवी घरी बसून काम. बायको रेवा किलकेनीच्या इस्पितळात लहान मुलांची डॉक्टर. नाकात मणी घालून येणाऱ्या मुलांना ती जितक्या शांतपणे हाताळी, तितक्याच शांतपणे नवऱ्याच्या खरेदीकडे पाही. मात्र एका वस्तूला तिनेही कधी नावं ठेवली नव्हती. तो शैलेंद्रचा लांब, खाकीकडे झुकणारा लोकरी ओव्हरकोट. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात वकिलाती आहेत, बदली झाली की तिथले साहेब लोक कपडे चॅरिटी शॉपमध्ये टाकून जातात असा शैलेंद्रचा पक्का सिद्धांत होता, आणि तिथल्याच एका दुकानात त्याला हा कोट सापडला. कोट राजदूताचा होता असं तो छातीठोकपणे सांगे. आतल्या खिशात सापडलेली दात कोरायची काडी हा त्याचा पुरावा होता.

अशा या सुखी घरात त्याची आई, सुलेखाताई, नाशिकहून तीन महिन्यांसाठी राहायला आली.

त्याने आईला किल्ला दाखवला. तिने "छान राखलाय" म्हटलं आणि पुढे चालू लागली. नदी दाखवली, तिने गोदावरीची चौकशी केल्यासारखी तिची चौकशी केली. पण पेठेतल्या रस्त्यावर एका दुकानाच्या काचेत जुने फ्रॉक, कपबश्या आणि एक विळीसारखं काहीतरी मांडलेलं दिसलं, आणि सुलेखाताईंचे पाय तिथेच खिळले.

"हे काय दुकान रे?"

"चॅरिटी शॉप. लोक जुने कपडे, भांडी आणून देतात. दुकान ते विकतं. पैसे धर्मादाय कामाला जातात."

"आणि देणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे, काहीच नाही?"

"समाधान मिळतं ना, आई."

"समाधानात वरण शिजतं का?" सुलेखाताई म्हणाल्या आणि काचेला नाक लावून आतल्या भांड्यांकडे पाहत राहिल्या.

इथे बोहारणीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिला न पाहिलेली एक पिढी आता टाय लावून ऑफिसात बसते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण भर दुपारी दारात येई आणि जुन्या कपड्यांवर भांडं देई. पँटचा गुडघा उजेडात धरून बघे, साडीची जर नखाने खरवडे, तोंड वाकडं करी आणि म्हणे, "ताई, अजून एक टाका." सुलेखाताई विमा कंपनीत नोकरीला होत्या, पण बोहारणीसाठी त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजा काढलेल्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात कुकर सोडला तर विकत घेतलेलं भांडं नव्हतं. प्रत्येक भांडं म्हणजे घरातल्या कोणाचा तरी कपडा होता. "बाबांची करडी पँट आण" असं आईने आतून सांगितलं की शैलेंद्र न चुकता चहाची किटली नेऊन देई. बाबा गेले, पण त्यांची करडी पँट अजून रोज सकाळी गॅसवर चढते.

तेव्हा पुढे जे झालं त्यात सुलेखाताईंचा दोष नाही. शैलेंद्रला ते नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं.

दुसऱ्याच दिवशी त्या शैलेंद्रचे विटलेले टी-शर्ट पिशवीत भरून एकट्या त्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर ब्रीडा नावाच्या बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, हसतमुख, सेवा म्हणून फुकट काम करणाऱ्या. "यू आर व्हेरी गुड," ब्रीडा म्हणाल्या. सुलेखाताई उभ्याच. ब्रीडा हसल्या. सुलेखाताई हसल्या. ब्रीडांनी पावसाबद्दल दोन वाक्यं बोलून पाहिली. सुलेखाताईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अँड?"

"अँड व्हॉट, लव्ह?"

त्या 'लव्ह'ने सुलेखाताईंची खात्री पटली. बाई मुरलेली आहे. गोड बोलते, भांडं सोडत नाही. अजून एक कपडा टाकावाच लागणार.

म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एक जुनं जॅकेट घेऊन गेल्या. ते त्यांनी गल्ल्यावर पसरलं, स्वतः जाऊन फळीवरचं जाड बुडाचं, झाकणासकट पातेलं उचललं, जॅकेटशेजारी ठेवलं आणि विचारलं, "ओके?" ब्रीडांनी जॅकेटकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग सुलेखाताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ग्रँड." आयर्लंडमध्ये याचा अर्थ 'ठीक आहे' एवढाच होतो. सुलेखाताईंना वाटलं, बाईने हार मानून सौद्याची थोरवी कबूल केली.

संध्याकाळी घरी शैलेंद्रने पातेलं बोटाने वाजवून पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. चॅरिटी शॉपमधून अदलाबदलीवर भांडं आजवर त्यालाही कधी जमलं नव्हतं.

"काय दिलंस गं यावर?"

"तुझे ते टी-शर्ट, आणि मटकीच्या कपाटातलं एक जॅकेट. अरे, दोन्ही कोपरांना ठिगळं होती! कातड्याची! रेवा बिचारी बोलत नाही, पण नवऱ्याने ठिगळं लावून हिंडलेलं कुठल्या बायकोला आवडेल?"

मटकीचं कपाट म्हणजे वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. आत कायम ऊब असते. आल्याच्या चौथ्या दिवशी सुलेखाताईंनी ते शोधून काढलं होतं. तिथे मटकीला एका रात्रीत मोड येत, दही नाशिकसारखं लागे. त्याआधी त्या कपाटात कोणी फारसं डोकावतच नसे. शैलेंद्रला वाटलं जॅकेट रेवाच्या कुणाचं असेल. रेवाला कधीपासून वाटत होतं ते शैलेंद्रचं असणार, कारण घरातली प्रत्येक चमत्कारिक वस्तू त्याचीच असे. सुखी संसारात सगळंच विचारायचं नसतं, त्यामुळे कोणीच काही विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी घरमालकाचा, नोएलचा, निरोप आला. 'शे,' (शैलेंद्रचं त्याने एवढंच ठेवलं होतं) 'रविवारी येतोय. डॅडींचं जॅकेट न्यायचंय, हॉट प्रेसमधलं. त्यांच्या पुण्यतिथीची प्रार्थना आहे. घालून जाईन म्हणतो.'

शैलेंद्रला आठवलं. हे दोघे घरात राहायला आले तेव्हा नोएल फोनवर म्हणाला होता, डॅडींचं जॅकेट हॉट प्रेसमध्ये आहे, तिथेच असू दे, बरं का. जन्मभर 'कपडे प्रेसला दिलेत' असं बोलणाऱ्या शैलेंद्रने त्याचा अर्थ लावला होता की म्हातारबांचं जॅकेट कडक इस्त्रीला दिलंय आणि ते लाँड्रीतच राहू दे असं मुलाचं म्हणणं आहे. माणसं बापाच्या आठवणी कुठे ठेवतील सांगता येत नाही, म्हणून तो "नो प्रॉब्लेम" म्हणाला होता.

"रेवा, हॉट प्रेस म्हणजे गं काय?" त्याने जपून विचारलं.

"कपाट. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. टाकीच्या भोवतीचं असलं की हॉट प्रेस. आमच्या नर्सेस म्हणत असतात." रेवा बोलता बोलता थांबली. "म्हणजे आपलं मटकीचं कपाट."

तिघेही जिन्याकडे पाहू लागले. वरच्या मजल्यावर मटकीला निवांत मोड येत होते.

आयर्लंडमध्ये नोकरी मिळते, मित्र मिळतात, शोधली तर कढीलिंबाची ताजी पानंही मिळतात. भाड्याचं घर मिळत नाही. एका घरामागे रांगा लागतात, लोक मालकाला आपल्या सज्जनपणाचे दाखले पाठवतात. नोएलने हे घर त्यांना दिलं कारण रेवाने इस्पितळात त्याच्या भाचीला तपासलं होतं आणि तो म्हणाला होता, तुम्ही माणसं वस्तू जपणारी दिसता. नेमकं हेच वाक्य आता शैलेंद्रच्या डोक्यात घण घालू लागलं. घर गेलं तर रेवाचं इस्पितळ सुटणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याला खरोखरच भीती वाटली.

सुलेखाताई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने तो त्यांच्या खोलीत गेला तर त्या बॅग काढून बसल्या होत्या.

"माझं तिकीट अलीकडे येतंय का बघ. मी आले आणि तुमचं छप्पर घालवलं. कुणाच्या बापाचा कपडा मी पातेल्यावर दिला, शैलू."

आईला रडताना त्याने फार कमी वेळा पाहिलं होतं. "आई, चूक माझीच आहे गं. मी प्रेसचा अर्थ लावला," तो म्हणाला, पण ते ऐकायला त्या तयार नव्हत्या.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. बॉल्सब्रिजला राहणारा त्याचा मित्र सारंग, जो टूथब्रशसुद्धा परत करायची मुदत बघून घेतो, फोनवर म्हणाला, "शैल्या, टेन्शन नको घेऊ. तसलंच नवीन घे, एक दिवस गाडीच्या डिकीत चुरगाळून ठेव. डॅडी तर येऊन सांगणार नाहीत ना!" मराठी मंडळींच्या देवाणघेवाणीच्या ग्रुपवर त्याने सगळी हकीकत लिहिली, तर एकाने वकिलाचा नंबर दिला, एकीने संकटनाशनाचं स्तोत्र पाठवलं, आणि पूर्वी नावाच्या बाईंनी विचारलं की ते पातेलं अजून अव्हेलेबल आहे का.

शनिवारी सकाळी रेवा ड्यूटीवर गेली आणि मायलेक दुकानात पोचले. जॅकेट विकलं गेलं होतं. कोणाला, हे ब्रीडा सांगायला तयार नव्हत्या.

"डेटा प्रोटेक्शन, लव्ह. गिऱ्हाइकाचं नाव आम्हाला सांगता येत नाही. युरोपचा कायदा आहे."

शैलेंद्र स्वतः सॉफ्टवेअरमधला. या कायद्याचं प्रशिक्षण तो दरवर्षी झोपेत पूर्ण करतो. त्याच कायद्याने आपल्याला असं चौकात गाठावं याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने घर, मालक, पुण्यतिथी सगळं सांगितलं. ब्रीडांचे डोळे पाणावले, पण कायदा तो कायदा.

"नाव नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते, युवर मॅनने नेलं."

सुलेखाताई दचकल्या. "माय मॅन? नो, नो. माय मॅन इज नो मोअर."

ब्रीडांनी चटकन त्यांचा हात हातात घेतला. "ओह, आय ॲम सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे 'युवर मॅन' म्हणजे 'तो एक माणूस' एवढंच असतं, हे कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही, आणि त्या गैरसमजाने कायद्याचं काम तमाम झालं. नवरा गेलेल्या बाईला हात हलवत परत पाठवणं ब्रीडांना जमेना.

"मी नाव घेणारच नाही," त्या कुजबुजल्या. "पण तुम्ही सहज फिरत फिरत त्या बाजूला गेलात, त्या जुन्या गिरणीच्या पुढे, आणि तिथे मॉरीन भेटली, तर तिच्या नवऱ्याने काय नेलं ते तिलाच विचारा. मॉरीन, डाउन द बोरीन."

सुलेखाताईंनी मुलाचं मनगट घट्ट धरलं. बाहेर येईपर्यंत त्यांनी कळ काढली.

"ऐकलंस? बोहारीण! मी म्हणत होते ना, एवढे कपडे हा देश करतो काय! असणारच इथे."

"आई, काहीतरी काय! बोहारीण कशी असेल?"

"तिने काय म्हटलं मग? मॉरीन, द बोहारीण. डाउनची म्हणजे खालच्या अंगाची. आपल्याकडे नाही का, पंचवटीतली वेगळी, गंगेअलीकडची वेगळी."

शैलेंद्र हसला. पण गाडी गावाबाहेर पडली तसं त्याचं हसू उतरत गेलं. बोरीन, असं ब्रीडा म्हणाल्या होत्या खऱ्या. भाषा एकेकाळी एकाच घरातून निघाल्या असं त्याने कुठेसं वाचलं होतं. त्यांतली एखादी बोहारीण पाटी डोक्यावर घेऊन पश्चिमेला चालत सुटली असेल तर? इंजिनिअर असला तरी माणूसच तो. जुन्या गिरणीपर्यंत त्याला ही शक्यता पन्नास टक्के वाटू लागली होती, आणि जॅकेट मिळण्याइतकीच ती बाई बघण्याचीही उत्सुकता लागली होती.

गिरणीपुढे रस्ता इतका अरुंद झाला की दोन्ही आरसे काटेरी झुडपांना घासू लागले. मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावर टोपी घातलेला एक म्हातारा होता. शैलेंद्रने काच खाली केली.

"एक्स्क्यूज मी, वुई आर लुकिंग फॉर द बोरीन."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे, गाडीकडे आणि गाडीच्या चाकांकडे पाहिलं. "यू आर ऑन हर," तो म्हणाला.

गाडी तिच्या अंगावरच आहे, असा शैलेंद्रने त्याचा अर्थ घेतला. दार काट्यांत जेमतेम उघडत होतं, त्यातून तो अंग आक्रसून बाहेर पडला आणि चिखलात गुडघे टेकून गाडीखाली पाहू लागला. सुलेखाताईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. गाडीखाली गवत होतं, एक शेणाचा पो होता. बोहारीण नव्हती.

म्हाताऱ्याला सगळं समजायला आणि हसू आवरायला बराच वेळ लागला. बोरीन म्हणजे असा हा शेतातला चिंचोळा रस्ता, त्याने सांगितलं. मॉरीन याच बोरीनच्या शेवटी राहते. आणि आता गाडी तेवढी मागे घ्या, कारण ट्रॅक्टर मागे जात नसतो. शैलेंद्रने गाडी मागे घेतली. डावा आरसा झुडपाने ठेवून घेतला. म्हाताऱ्याने जाता जाता टोपी उचलली, ती आदराने की कीव येऊन, हे शैलेंद्रने स्वतःपुरतं आदराने असं ठरवलं.

"नुसता रस्ता होय," सुलेखाताई म्हणाल्या. एखादी ओळखीची बाई गर्दीत दिसावी आणि जवळ गेल्यावर भलतीच निघावी, तशा त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मॉरीनच्या घराच्या फाटकापाशीच त्यांना नोएलचे डॅडी भेटले. म्हणजे जॅकेट भेटलं. ते एका बुजगावण्याच्या अंगात होतं. पेंढा भरलेली छाती, बटाट्याचं नाक, तोंडात चिलीम, आणि दोन्ही कोपरांवर ती कातडी ठिगळं. बाजूला शेकोटी धुमसत होती, कोंबड्या पायांत घुटमळत होत्या.

मॉरीन सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आडव्या बांध्याची बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "देवाशप्पथ वाईट वाटतं हो," ती म्हणाली. "पण गावाची बुजगावण्यांची स्पर्धा आहे. उद्या परीक्षक येणार. गेल्या वर्षी शेजारणीने मला हरवलं. हा माझा जमीनदार आहे, याला जॅकेट हवंच."

शैलेंद्रने पाकीट काढलं. मॉरीनने हात झटकला. "नोटा घेऊन काय करू? त्यांचा अंगरखा शिवू त्याला? आत्ता दुकानं पालथी घालायला वेळ कोणाला आहे!"

पाकीट हातात घेऊन शैलेंद्र तसाच उभा राहिला. पैशाने घ्यायचं नाही हे त्याचं आयुष्यभराचं ब्रीद, आणि आता तो पैसे देत होता तर कोणी घेत नव्हतं.

सुलेखाताई मात्र पुढे झाल्या. निघताना त्यांनी सवयीने एक पिशवी भरून आणली होती. त्यातून शैलेंद्रची कंपनीची टोपीवाली दोन जर्किनं निघाली, एक पँट निघाली. मॉरीनने पँट घेतली. गुडघा उजेडाकडे धरला. आत हात घालून शिवण ताणून पाहिली, नाडीपाशी नखाने खरवडलं आणि तोंड वाकडं केलं.

सुलेखाताईंचा चेहरा उजळला. "शैलू," त्या हळूच म्हणाल्या, "रस्त्याचं नाव असू दे काहीही. ही आहे."

आणि मग दोघी सुरू झाल्या. भाषेची अडचण कोणालाच वाटली नाही. मॉरीनने जर्किनं बाजूला सारली, जमीनदार असलं काही घालत नाही. सुलेखाताईंनी जॅकेटचं ठिगळ दाखवून कपाळाला हात लावला. मॉरीनने आपल्या कंबरेवर हात ठेवले. सुलेखाताईंनी पिशवी आवरायला घेतली आणि चार पावलं फाटकाकडे टाकली. मॉरीनने त्यांना परत बोलावलं. हे असं दोनदा झालं. शेवटी दोघींचीही नजर फिरत फिरत एकाच वेळी शैलेंद्रच्या अंगावर येऊन थांबली.

"आई, नाही."

"काढ."

"आई, हा राजदूताचा कोट आहे!"

"मग जमीनदाराला शोभेल. शैलू, घर मोठं की कोट?"

त्याने कोट काढला. वाऱ्यात सदऱ्यावर उभा राहून तो पाहत होता. मॉरीनने कोट उलटा केला, अस्तराला बोट लावलं, कॉलर झिजल्याचं दाखवलं. त्या कॉलरच्या झिजण्यात राजदूताची मुत्सद्देगिरी असल्याचं शैलेंद्र आजवर लोकांना सांगत आला होता. सुलेखाताईंनी कोटाची कोपरं पुढे केली, बघ, ठिगळ आहे का? मॉरीनला ते पटलं. सौदा पक्का करायला ती आपल्या तळहातावर थुंकली आणि हात पुढे केला.

दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी न पिणाऱ्या सुलेखाताई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी खाडकन टाळी दिली, तशीच पकड ठेवली आणि दुसऱ्या हाताने दारातल्या खुंटीवरच्या तांब्याच्या छोट्या पातेलीकडे बोट दाखवलं. शैलेंद्रला धरणी दुभंगावी असं वाटलं. मॉरीन मात्र खो खो हसली. तिने पातेली काढून दिली. "फॉर लक," ती म्हणाली. "सौदा झाला की शुभ म्हणून थोडं परत द्यायचंच असतं."

"आपली बोहारीणही देई," सुलेखाताई गाडीत म्हणाल्या. "शेवटी एक चमचा वरून." नळावर त्यांनी हात तीनदा धुतले होते.

रविवारी सकाळपर्यंत जॅकेटमधला पेंढा रेवाने चिमट्याने वेचला. वास मात्र जाईना. धूर, पेंढा, कोंबड्या, ओली माती, सगळं त्या लोकरीत मुरलं होतं. शैलेंद्र अत्तराची बाटली घेऊन धावला, तेवढ्यात बेल वाजली. त्याने जॅकेट कसंबसं मटकीच्या कपाटात अडकवलं.

नोएल उंच, लाजरा, कमी बोलणारा माणूस. "येताना एक बुजगावणं पाहिलं," तो जिना चढताना म्हणाला. "काय कोट होता त्याच्या अंगात! आमच्या आमदाराकडेही नसेल." शैलेंद्रने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

नोएलने कपाट उघडलं. जॅकेट हातात घेतलं आणि एकदम त्याचे हात थांबले. त्याने ते नाकाशी नेलं. मग सगळा चेहराच त्यात खुपसला आणि तसाच उभा राहिला. शैलेंद्रने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. सुलेखाताईंनी पदर तोंडाशी नेला.

नोएलने चेहरा वर काढला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

"हा त्यांचा वास," तो म्हणाला. "हाच. इतकी वर्षं आत ठेवलं, तुम्ही राहायला येण्याआधी दरवेळी येऊन वास घ्यायचो, आणि दरवेळी कमी झालेला असायचा. शेवटी नुसता कपाटाचा वास राहिला होता. मला वाटलं गेले आता." त्याने खिशात हात घातला तर बोटांत एक पेंढ्याची काडी आली. तो तिच्याकडे बघत राहिला. "ही कुठून आली?"

शैलेंद्र नवऱ्याबायकोच्या नजरेच्या भाषेत रेवाशी बोलत होता की गप्प बसू, सगळं जमलंय. पण सुलेखाताई पुढे आल्या. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर लोकांना खरं सांगायला लावलं होतं.

"आय गेव्ह," त्या म्हणाल्या. "युअर फादर्स जॅकेट. आय गेव्ह टू शॉप, फॉर पातेलं. माय मिस्टेक. सन, नो मिस्टेक. देन मॉरीन. फील्ड. बुजगावणं." आणि त्यांनी दोन्ही हात पसरून, मान कलती करून बुजगावणं करून दाखवलं.

नोएलने पेंढ्याची काडी बोटांत फिरवली. 

"म्हणजे डॅडी," नोएल सावकाश म्हणाला, "शेवटचे एकदा शेतात जाऊन आले तर."

तो हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि मग सुलेखाताईंनी त्याला खाली नेऊन पाद्र्याच्या सोफ्यावर बसवलं आणि मटकीची उसळ खायला घातली. त्याने दोनदा वाढून घेतली. घराविषयी तो अवाक्षर बोलला नाही. फक्त निघताना म्हणाला की प्रार्थना झाली की जॅकेट पुन्हा इथेच आणून ठेवेन, त्याला इथे मानवतंय. मग दारात घुटमळला. माळ्यावर डॅडींचे अजून दोन पेटारे कपडे आहेत, कोणाला द्यावेत कळत नाही. त्या मॉरीनकडे नेले तर चालेल का?

शैलेंद्रने आईला मराठीत सांगितलं. सुलेखाताई विचारात पडल्या.

"जा म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण मी बरोबर येते. एकटा गेला तर फसवेल ती त्याला."